शिवणयंत्र व त्याची लहान पेटी

अकोल्याहून दक्षिणेस वाशीमकडे जाणारी सडक सुमारें वीस मैलांवर घाटाच्या पायथ्याशीं येते. तेथें पातूर हें गांव आहे. खडकांत कोरलेल्या प्राचीन लेण्यांमुळें इतिहासाच्या अभ्यासकांना तें परिचित आहे, आणि शेखबाबूंच्या दर्ग्यामुळें जुन्या कागदांत त्याचा उल्लेख 'पातूर शेखबाबू' असा सांपडतो. आज तें अकोला जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. परंतु रेल्वेचें स्टेशन त्याला लाभलें नाहीं. त्यामुळें आगगाडीच्या युगांतहि जी जड वस्तु मुंबईहून पातुरास यावयाची, ती अकोल्याच्या मालधक्क्यावर उतरे आणि पुढची वाट बैलगाडीनें काटी. घासलेटचे डबे, कंदील, घड्याळें हीं याच वाटेनें आलीं, आणि लांकडी खोक्यांत बसून शिवणयंत्रहि याच वाटेनें आलें.

लढाया व तहनामे यांच्या तारखा शाळेच्या पुस्तकांत असतात. घरांत आलेल्या वस्तूंचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. तरी शिवणयंत्राइतका परिणाम वऱ्हाडांतील घरावर आणि घरांतील बाईच्या हातांवर करणारीं यंत्रें थोडींच असतील. या इतिहासांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, यंत्र विकत घेण्याचा दिवस व तें खरोखर आपलें होण्याचा दिवस हे दोन निरनिराळे दिवस असतात. त्या दोहोंमधील अंतर ज्यांनीं तोडलें, त्यांना यंत्रानें पोट भरण्याचें साधन दिलें. ज्यांना तें तोडतां आलें नाहीं, त्यांच्या घरीं तें भरतकामाच्या आच्छादनाखालीं शोभेची वस्तु होऊन बसलें.

यंत्र येण्यापूर्वीं वऱ्हाडी माणसाच्या अंगावर शिवलेलें वस्त्र थोडेंच असे. धोतर, लुगडें, पागोटें, उपरणें, पासोडी हीं सारीं मागावरून उतरत तशींच वापरलीं जात. शिवण लागे ती चोळीला, बंडीला, अंगरख्याला आणि लहान मुलांच्या झबल्या-टोपड्यांना. हें काम शिंप्याचें. संत नामदेव याच समाजांत जन्मले, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शिंपी आजहि अभिमानानें सांगतात. घरच्या बायकांच्या हातीं सुई होतीच. पण ती गोधडीची आणि ठिगळाची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धांवदोऱ्यानें तीं शिवण्यांत कित्येक दुपारी जात. त्या श्रमाचा मोबदला कोणी मोजीत नसे, कारण तें 'घरचें काम' होतें. सुईनें पैसा मिळवावयाचा तो पुरुषानें आणि दुकानांत बसून, अशी ही जुनी वांटणी होती.

या वांटणीला धक्का देणारें यंत्र फार दूर जन्मास आलें, आणि तें एका माणसाच्या बुद्धींतून निघालें नाहीं. इंग्लंडांत टॉमस सेंट यानें इ. स. १७९० मध्यें चामडें शिवण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. फ्रान्समध्यें बार्तेलेमी तिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० मध्यें सांखळीचा टांका घालणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें, आणि पॅरिसमध्यें सुमारें ८० यंत्रें एका छपराखालीं मांडून लष्कराचे गणवेश शिवावयास प्रारंभ केला. हीं यंत्रें आपल्या तोंडचा घांस काढून घेणार या भीतीनें खवळलेल्या शिंप्यांनीं १८३१ मध्यें तो कारखाना मोडून टाकला. तिमोनिए १८५७ मध्यें दारिद्र्यांतच वारला. त्याच सुमारास अमेरिकेंत वॉल्टर हंट यानें दोन दोऱ्यांनीं शिवणारें यंत्र बनविलें होतें. पण गरीब शिवणकरणींची भाकरी जाईल असें त्याच्या मुलीनें म्हटल्यावरून त्यानें तो नाद सोडला, असें सांगतात. एकाच शोधाला दोन देशांत दोन प्रकारचा अडथळा आला, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता. यंत्रानें वाचविलेला वेळ कोणाच्या पदरांत पडणार?

पुढें इलायस हौ यानें १० सप्टेंबर १८४६ रोजीं दोन दोऱ्यांच्या टांक्याचें अमेरिकन पेटंट घेतलें. हौ गरीब होता, आणि त्याची बायको लोकांचें शिवण शिवून संसारास हातभार लावीत असे. आयझॅक मेरिट सिंगर याचें पेटंट १२ ऑगस्ट १८५१ चें आहे. त्यानें सुई उभी केली, कापड आडव्या पाटावर ठेवलें, त्यावर दाबाचा पाय बसविला, आणि चालविण्याचें काम हाताकडून काढून पायाकडे दिलें. ॲलन विल्सन यानें कापड पुढें सरकविणारे दांते शोधून काढले. या सर्वांचे एकमेकांवर दावे झाले, आणि अखेर १८५६ मध्यें मोठ्या कारखानदारांनीं आपापलीं पेटंटें एकत्र करून ते तंटे मिटविले. त्याच वर्षीं सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानें हप्त्यानें यंत्र विकण्याची रीति सुरू केली. हा दुसरा शोध लोखंडाचा नव्हता, हिशेबाच्या वहींतला होता. परंतु गरीब घरापर्यंत यंत्र पोंचविण्याच्या कामीं तो पहिल्यापेक्षां कमी ठरला नाहीं.

येथें वऱ्हाडचा संबंध येतो. इ. स. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. सैन्याला गणवेश हवे होते. ते शिवण्यासाठीं तेथील शिवणयंत्रें रात्रंदिवस चालूं लागलीं, आणि त्या धंद्याला जोम आला. त्याच युद्धानें दक्षिण अमेरिकन संस्थानांतील कापूस बंदरांत अडकून पडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातींतील कापसाला पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापूस अमरावतीच्या नांवावरून 'ऊमरा' या नांवानें विकला जाई. १८६७ मध्यें मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडांतून पुरा झाला. १८७० मध्यें खामगांवचा फांटा उघडण्यास लॉर्ड मेयो स्वतः आले. या रुळांवरून गठाणी मुंबईकडे गेल्या, आणि परत येणाऱ्या डब्यांतून विलायती माल आला. एका युद्धानें तिकडे यंत्राला गिऱ्हाईक दिलें आणि इकडे तें विकत घेण्याची ऐपत दिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मात्र या व्यवहारांत एक विसंगति होती. वऱ्हाडी कापसाचा धागा आंखूड. यंत्राच्या वेगाला टिकणारा बारीक पिळाचा दोरा लांब धाग्याच्या कापसाचा लागे. म्हणून कापसाच्या राशींत राहणाऱ्या गांवांतहि यंत्रावरचें रीळ स्कॉटलंडमधील पेस्ली येथील कोट्स कंपनीचें असावयाचें. सिंगरचा मोठा कारखानाहि स्कॉटलंडांतच, क्लाइडबँक येथें, इ. स. १८८५ च्या सुमारास उभा राहिला. हिंदुस्थानांत येणाऱ्या पुष्कळ यंत्रांचें तेंच जन्मस्थान होय.

या देशांत सिंगरचा व्यापार वाढविला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थानें. इ. स. १८७५ च्या सुमारास त्यांनीं एजन्सी घेतली, आणि पुढें अनेक वर्षें हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप येथील विक्री त्यांच्या हातीं होती. येथील माणूस मांडी घालून काम करतो, हें या व्यापारांत ध्यानीं घ्यावें लागलें. खुर्ची व पायटेबल यांच्यापेक्षां जमिनीवर किंवा बैठ्या पाटावर ठेवून उजव्या हातानें फिरविण्याचें हातमशीन येथें अधिक खपूं लागलें. तें हलकें, तें स्वस्त, आणि बाजाराच्या दिवशीं डोक्यावर घेऊन दुसऱ्या गांवीं नेतां येई. पायमशीन मोठ्या दुकानांत गेलें. हातमशीन खेड्यांत आणि घरांत शिरलें.

पॅरिसच्या शिंप्यांनीं जें मोडलें तें वऱ्हाडच्या शिंप्यांनीं कां स्वीकारलें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. येथील शिंपी अधिक भोळा होता असें नव्हे. तिमोनिएचीं ८० यंत्रें एका कारखान्याचीं होतीं, आणि त्यांवर बसणारा मजूर होता. वऱ्हाडांत यंत्र एक-एक करून आलें, आणि जो तें चालवी तोच बहुधा त्याचा धनी असे. हप्ता डोक्यावर असे, सावकाराचें देणें असे. परंतु यंत्र स्वतःच्या ओसरीवर असे. शिवाय कोट, सदरा, पैजामा, शाळेच्या मुलांचे कपडे अशीं नवीं कामें त्याच काळांत निघालीं, आणि हातांची गरज कमी होण्याऐवजीं वाढली. यंत्राचें भलें-बुरें पुष्कळदां यंत्रावर अवलंबून नसतें, त्याची मालकी कोणाची यावर असतें. शिवणयंत्राच्या इतिहासांत हें स्पष्ट दिसतें.

यंत्र ओसरीवर आलें, म्हणजे ओळखीचें काम सुरू होई. हातानें शिवतांना सुईचें नेढें मागच्या टोंकाला असतें, आणि सबंध सुई कापडाच्या आरपार जाते. यंत्राच्या सुईचें नेढें अणीजवळ असतें, आणि ती कापडांत अर्धीच उतरून परत फिरते. सारा चमत्कार या परत फिरण्यांत आहे. सुई वर येऊं लागली कीं तिच्याबरोबर खालीं गेलेला दोरा किंचित् सैल पडून त्याचा लहानसा फांस होतो. त्या फांसांतून खालचा दोरा घेऊन धोटा निघून जातो. मग वरचा दांडा दोरा ओढून घेतो आणि दोन्ही दोऱ्यांची गांठ कापडाच्या पोटांत बसते. जुन्या यंत्रांतील धोटा नावेच्या आकाराचा व झोंके घेणारा असे. पुढें गोल बॉबिन आली. कोष्ट्याच्या घरीं जन्मलेल्या मुलास हें समजावून सांगण्याचें कारण नव्हतें. मागावरचा धोटाच येथें लोखंडाचा व बोटाएवढा होऊन आला होता.

परंतु समजणें वेगळें आणि हाताला वळण लागणें वेगळें. पायमशीनवर प्रथम बसणाऱ्याचें चाक उलट फिरे आणि दोरा तुटे. म्हणून जाणता शिक्षक पहिले कांहीं दिवस दोराच लावूं देत नसे. सुई काढून नुसते पाय चालवावयास सांगे, आणि मग कागदावर रेघ आंखून त्या रेघेवरून बिनदोऱ्याची सुई चालवावयास लावी. कागदावरील भोकांची ओळ सरळ आली म्हणजे कापड हातीं येई. कापड ओढावयाचें नसतें, दांते तें स्वतः सरकवितात. हातानें केवळ दिशा दाखवावयाची असते. हातशिवणीची संवय असलेल्या माणसाला हा संयम सर्वांत कठीण जाई. त्यानें कापड ओढलें कीं सुई वांकून खालच्या पट्टीवर आपटे आणि मोडे.

दुसरी अडचण सुईची. यंत्राच्या सुईच्या मुळाशीं एक बाजू चपटी असते, आणि दोरा ज्या बाजूनें ओवावयाचा तिच्या विरुद्ध बाजूस ती यावी लागते. सुई उलटी बसली तर टांकाच पडत नाहीं, आणि नवखा माणूस यंत्र बिघडलें असें समजतो. सुयांना क्रमांक असतात. मलमलीला ११, नेहमीच्या कापडाला १४, जाड्याभरड्याला १६, आणि त्याहून जाड कापडाला १८. जाड खादीवर ११ ची सुई लावणाऱ्याला दुकानदार दोष देत नाहीं, नवी सुई विकतो.

ताणाचा प्रकार तर अधिकच फसवा. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचा गुंता दिसला म्हणजे माणूस साहजिकच खालचा धोटा तपासतो. वास्तविक दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या दोन चकत्यांमध्यें नीट बसलेला नसतो, म्हणून सैल सुटून खालीं जमा होतो. पुष्कळ यंत्रांत दाबाचा पाय उचलला कीं चकत्या सैल होतात. तेव्हां पाय वर ठेवूनच दोरा ओवावा, आणि पाय खालीं सोडल्यावांचून चाक फिरवूं नये. एवढी एक गोष्ट न कळल्यानें कित्येक चांगलीं यंत्रें दुरुस्तीच्या दुकानांत पडून राहिलीं असतील.

तेलाचा प्रश्न खास वऱ्हाडचा. यंत्राबरोबर तेलाची लहान कुपी येई. तें संपलें कीं घरांतील तेल घालण्याचा मोह होई, आणि वऱ्हाडांत घरोघर तेल असे तें जवसाचें किंवा करडईचें. हीं तेलें हवेंत सुकून चिकट होतात. जवसाच्या तेलाचा रंगांत उपयोग होतो तो याच गुणामुळें. महिन्या-दोन महिन्यांत यंत्राचे सांधे धरूं लागत, चाक जड होई, आणि घरांत नजर लागल्याची चर्चा निघे. उपाय सोपा होता. सांध्यांत घासलेट सोडून यंत्र कांहीं वेळ रिकामें चालवावें, काळा मळ पुसून काढावा, आणि मग यंत्राचेंच तेल थेंब-थेंब द्यावें. सुताची धूळ दांत्यांखालीं दडते. ती आठवड्यांतून एकदां झाडली तर यंत्र माणसाच्या दोन पिढ्या टिकतें.

आतां त्या लहान पेटीकडे वळूं. सिंगरनें १८८९ मध्यें पेटंट घेतलेली ओक लांकडाची एक पेटी कित्येक यंत्रांबरोबर येत असे. मिटली असतां ती साध्या चौकोनी ठोकळ्यासारखी दिसे. कडी काढली कीं तिच्या बिजागऱ्यांच्या फळ्या उलगडून सपाट पसरत, आणि आंत प्रत्येक उपकरण आपापल्या जागीं बसलेलें दिसे. पेंचकस, बॉबिना, सुया यांच्याशेजारीं चमकणारे विचित्र आकाराचे पाय असत. हेमर कापडाची कड आपोआप दुमडून तीवर टीप घाली. टकर एक चूण शिवतांना पुढच्या चुणीची खूण उमटवी. रफलर झालरीच्या चुण्या पाडी. बाइंडर कडेला गोट लावी. क्विल्टर म्हणजे एक वांकडी सळई. तिच्या आधारानें रजईवर समान अंतरावर टिपा घालतां येत.

ही पेटी नीट न्याहाळली तर तिच्यांतून तीं उपकरणें बनविणारांचा समाज दिसतो. झालरी, चुण्या आणि गोट हा व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील गोऱ्या बायकांच्या पोशाखाचा थाट होता. लुगडें नेसणाऱ्या बाईला रफलरचें काय काम? म्हणून वऱ्हाडांतील पुष्कळ घरांत पेटीचा अर्धा भाग कोरा राहिला. पण उरलेल्या अर्ध्या भागाला येथील बुद्धीनें नवें काम दिलें. टकरनें मुलींच्या परकराच्या घेराला आडव्या चुणा घातल्या गेल्या. हेतु शोभेचा थोडा आणि काटकसरीचा अधिक होता. मुलगी वाढली कीं दर वर्षीं एक चूण उसवून परकर लांब करावयाचा, आणि एका कापडांत तीन वर्षें काढावयाचीं. बाइंडर बंडीच्या गळ्याला व गोधडीच्या कडेला लागला. हेमरनें पंचे आणि टॉवेल यांच्या कडा झपाट्यानें उरकल्या. क्विल्टरचा प्रयोग गोधडीवर झाला; परंतु चार-पांच लुगड्यांचा थर दाबाच्या पायाखालीं जाईना, तेव्हां गोधडी पुन्हां हाताकडेच आली, आणि आजहि चांगली गोधडी हाताचीच समजली जाते. परक्या वस्तूचा अंगीकार असाच होतो. जें उपयोगी तें उचलावें, जें निरुपयोगी तें पेटींत ठेवावें, आणि जें हातानेंच चांगलें होतें तें हाताकडे राहूं द्यावें.

घरांतील यंत्राला खरें महत्त्व आलें तें विधवा व निराधार स्त्रियांच्या प्रश्नामुळें. पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं १९०९ मध्यें स्थापन केलेल्या सेवासदनांत शिवणाचे वर्ग चालत. ज्या काळीं कुलीन घरांतील बाईनें दुसऱ्याच्या घरीं कामास जाणें कमीपणाचें मानीत, त्या काळीं घराच्या उंबरठ्याच्या आंत राहून पैसा मिळवून देणारें यंत्र हें एक मोठेंच साधन होतें. शेजारणीच्या चोळ्या, मुलांचीं झबलीं, लग्नसराईंतील परकर-पोलकीं यांवर कित्येक संसार उभे राहिले. घरचें काम म्हणून ज्या सुईचा मोबदला कोणी मोजीत नव्हता, तिला प्रथमच भाव मिळूं लागला.

यंत्रमात्राविषयीं साशंक असलेल्या महात्मा गांधींनींहि १९२४ मध्यें एका प्रश्नाला उत्तर देतांना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे श्रम पाहून प्रेमापोटीं सिंगरनें तें बनविलें, अशी कथा त्यांनीं त्या वेळीं सांगितली. सिंगरचें कौटुंबिक चरित्र या कथेस दुजोरा देत नाहीं. ती हौच्या घराला अधिक शोभती. परंतु गांधींच्या म्हणण्याचा गाभा त्या कथेवर अवलंबून नव्हता. जें यंत्र माणसाचे श्रम हलके करतें आणि त्याला बेकार करीत नाहीं, तें त्यांना मान्य होतें. चरख्यावर कांतलेल्या सुताची टोपी शेवटीं शिवली गेली ती बहुधा शिवणयंत्रावरच.

तथापि, श्रम हलके होतात म्हणजे कमाई वाढतेच असें नाहीं. अमेरिकेंतील व्हीलर अँड विल्सन कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या तुलनेप्रमाणें पुरुषाचा एक सदरा हातानें शिवण्यास चौदा तासांहून अधिक वेळ लागे, तो यंत्रावर सुमारें सव्वा तासांत होई. चौदा तासांचें काम सव्वा तासांत झालें, तेव्हां मजुरीचा दरहि त्या मानानें उतरला. नगावर मजुरी घेणारी बाई पूर्वीं दिव्यापाशीं डोळे शिणवी, आतां यंत्रापाशीं शिणवूं लागली. नग मात्र अनेक पट झाले. हंटच्या मुलीची भीति अगदींच खोटी नव्हती. फरक पडला तो एवढ्यावर कीं, बाई स्वतः कापड बेतते, स्वतः गिऱ्हाईक पाहते, आणि स्वतः भाव ठरविते, कीं दुसऱ्यानें बेतून दिलेल्या कापडावर नुसत्या टिपा मारते. यंत्रापेक्षां कात्री कोणाच्या हातांत आहे हें महत्त्वाचें. म्हणून शिवणाच्या चांगल्या वर्गांत टीप घालण्याआधीं माप घेणें व बेतणें शिकवितात, तें अगदीं योग्य होय.

दुसऱ्या महायुद्धानें या कथेला नवें वळण दिलें. क्लाइडबँकचा कारखाना युद्धसामग्रीच्या कामास लागला, आणि मार्च १९४१ मध्यें जर्मन विमानांनीं त्या शहरावर बाँबवर्षाव केला. विलायती यंत्रें दुर्मिळ झालीं. इकडे कलकत्त्यास १९३० नंतरच्या दशकांतच बिशनदास बेसिल यांनीं देशी शिवणयंत्र तयार करून त्यास आपल्या मुलीचें 'उषा' हें नांव दिलें होतें; पुढें लाला श्रीराम यांनीं तो जय इंजिनिअरिंगचा कारखाना हातीं घेतला. स्वातंत्र्यानंतर उषाचीं काळीं यंत्रें खेड्यापाड्यांत पोंचलीं. त्यांची रचना बहुतांशीं सिंगरच्या गोल बॉबिनीच्या जातीवरच बेतलेली असल्यामुळें जुन्या यंत्रावर शिकलेला हात नव्या यंत्रावर अडखळला नाहीं. सुई तीच, बॉबिन तीच. क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्यें बंद झाला. तेथील घड्याळाचा उंच मनोरा तर त्यापूर्वींच नाहींसा झाला होता. पण तेथें ओतलेलीं यंत्रें वऱ्हाडांतल्या कित्येक घरांत त्यानंतरहि टिपा मारीत राहिलीं.

आज विजेच्या मोटारीवर चालणारीं, वेडावांकडा टांका घालणारीं आणि काज स्वतः करणारीं यंत्रें बाजारांत आहेत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या डबींत पूर्वींपेक्षां अधिक पाय असतात. चेन लावण्याचा, काजाचा, भरतकामाचा. तयार कपड्यांनीं लहान शिंप्याचें पुष्कळ काम नेलें, हेंहि खरें. तरी ब्लाउज मापाचाच लागतो, आणि लग्नसराईंत शिवणाऱ्या बाईच्या दारीं रांग लागते. बचत गटांतून व निरनिराळ्या योजनांतून स्त्रियांना यंत्रें मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दीडशें वर्षांचा इतिहास हेंच सांगतो कीं, यंत्र देणें हें अर्धें देणें आहे. सुईची चपटी बाजू कोणीकडे, ताण कोठें सोडावा, तेल कोणतें घालावें, आणि कापड कसें बेतावें, हें सांगणारें माणूस शेजारीं बसलें म्हणजे उरलेलें अर्धें पोंचतें.

पातुरास जाणाऱ्या बैलगाड्यांची जागा मोटारींनीं घेतली, आणि लांकडी खोक्याच्या जागीं पुठ्ठ्याचें आलें. खोकें उघडल्यावर घरांतलीं माणसें यंत्राभोंवतीं जमतात, चाक फिरवून पाहतात, चकाकी पाहून संतोष पावतात. आणि लहान डबी तशीच बाजूला पडते. घरांतील एखादी वडील बाई ती उचलते, एकेक पाय हातांत घेऊन उलटासुलटा करून पाहते, आणि सुनेला किंवा नातीला जवळ बोलावते. यंत्र त्या घरचें होतें तें त्या वेळेपासून.